ऑटोकॅडच्या फाइलीवर खरे तास किती गेले ते कसं काढायचं? टोटल एडिटिंग टाइम भलताच येतोय

फिक्स्चरवाला_वाळूज

नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत जिग-फिक्स्चर (मशीनवर पार्ट पकडून ठेवणारी साधनं) आणि एसपीएमच्या (एकाच कामासाठीच्या खास मशीनच्या) डिटेलिंगचं, म्हणजे पार्टवार ड्रॉइंगचं, ऑफिस आहे. चार सीट आहेत: दोन फुल ऑटोकॅड, एक एलटी (ऑटोकॅडचीच हलकी आवृत्ती), एक सॉलिडवर्क्स (थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर). मूळ काम ठरलेल्या रकमेत असतं. अप्रूव्हलनंतर कस्टमरने बदल सांगितला तर तो तासाच्या दराने, असं पीओवर (खरेदी ऑर्डरवर) लिहून घेतलेलं आहे. घोडं अडतं ते बदलाच्या बिलावर. "एवढ्याशा बदलाला पाच तास कसे लागायलेत?" असं विचारलं की दाखवायला हातात काही नसतं.

म्हणून ऑटोकॅडची टाइम कमांड बघितली, ती फाइलीवर गेलेला वेळ दाखवते. सोमवारी सकाळी साडेनऊला सुरू केलेलं जीए (पूर्ण जोडणीचं) ड्रॉइंग बुधवारी संध्याकाळी सहाला टोटल एडिटिंग टाइम २ दिवस १३ तास दाखवायलंय, म्हणजे ६१ तास. ड्राफ्ट्समन रोज आठ-साडेआठ तास बसतो, त्यातही दुसरी कामं असतात.

हा आकडा असा का येतो? फाइलवार, बदलवार तास धरायची भरवशाची पद्धत कोणती? सॉलिडवर्क्सला अशी कमांडच दिसत नाही, तिथं काय करावं? आणि पोरांना पाळत ठेवल्यासारखं वाटू नये, हेही बघायचंय.

लिस्पकर

आधी त्या ६१ तासांचा निकाल लावू. सोमवार सकाळी साडेनऊ ते बुधवार संध्याकाळी सहा म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाने साडेछप्पन तास होतात. फाइल दोन्ही रात्री बंद न करता सोडली असती तरी ६१ भरणं शक्य नाही. म्हणजे फाइल कोरी नव्हती. जुन्या फिक्स्चरची फाइल उघडून सेव्ह अ‍ॅज केलेलं असणार. सेव्ह अ‍ॅजने नाव बदलतं, आतलं मीटर शून्यावर येत नाही. जुन्या कामाचे तास नव्या फाइलीत तसेच चालत येतात. ज्या फाइलीवरून घेतली ती उघडा, तिच्यात टाइम द्या आणि वजा करा.

आता हे मीटर नेमकं काय मोजतं ते. टाइम कमांड जो टोटल एडिटिंग टाइम दाखवते, तोच टीडीइनडीडब्ल्यूजी या सिस्टिम व्हेरिएबलमध्ये दिवसांच्या अपूर्णांकात असतो. ०.३१२५ दिसलं तर गुणिले २४, म्हणजे साडेसात तास. हा आकडा रीड-ओन्ली आहे, थांबवताही येत नाही आणि शून्यही करता येत नाही. टाइम कमांडमधला रिसेट फक्त खालच्या इलॅप्स्ड टायमरला लागू होतो. पुष्कळ जण तो दाबतात आणि वरचा आकडा तसाच बघून चक्रावतात.

मीटर चालतं ते फाइल उघडी आहे म्हणून. हात माऊसवर आहे का चहाच्या कपावर, त्याला कळत नाही. जेवणाची सुट्टी, फोन, मागे उघडी राहिलेली फाइल, सगळं त्यात धरलं जातं. तीन फाइली एकदम उघड्या असतील तर तिन्हींची मीटरं पळतात, आणि आठ तासांच्या दिवसाचे बेरजेत चोवीस तास होतात.

उलट्या बाजूनेही फसतं. सेव्ह न करता फाइल बंद केली तर त्या बैठकीचा वेळ धरलाच जात नाही. लाइट गेली आणि यूपीएसनेही मान टाकली तर शेवटच्या सेव्हनंतरचं सगळं हिशेबातून गेलं. प्लॉटिंगचा वेळही यात धरत नाहीत.

म्हणून हा आकडा बिलाला जसाच्या तसा लावू नका. दोन ठिकाणी मात्र तो कामाचा आहे. एक म्हणजे वरची मर्यादा म्हणून. मीटर चार तास म्हणतंय आणि कोणी त्या फाइलीवर सात तास लिहिले, तर विचारायला जागा आहे. दुसरं, रिव्हिजन. तुम्ही आर१ (रिव्हिजन १) वरून सेव्ह अ‍ॅज करून आर२ केलं असेल तर आर१ चे तास आर२ मध्ये येणारच. मग आर२ चा शेवटचा आकडा वजा आर१ चा शेवटचा आकडा म्हणजे आर२ ची फाइल किती वेळ उघडी होती ते सरळ मिळतं. नव्या जॉबला जी खोड नडते, तीच रिव्हिजनला उपयोगी पडते. अट एकच: आर२ काढल्यावर आर१ ला हात लावायचा नाही. प्रिंट काढायला किंवा बघायला उघडायची तर रीड-ओन्ली उघडा, म्हणजे सेव्ह होणार नाही आणि आकडा हलणार नाही.

आरसीसी_लातूर

वरच्या माहितीत बिल्डिंगवाल्यांसाठी भर घालतो.

एक्सरेफ (बाहेरून जोडलेली दुसरी ड्रॉइंग फाइल) असेल तर वेळ कुठं जमा होतो ते बघून घ्या. आर्किटेक्टचा प्लॅन एक्सरेफ करून त्यावर कॉलम-बीमचं ड्रॉइंग चाललंय. एक्सओपनने मूळ फाइल उघडून दुरुस्ती केली तर तो वेळ त्या मूळ फाइलीच्या मीटरवर जातो, आणि तुमची फाइल मागे उघडी असल्याने तिथंही चालू राहतो. म्हणजे एकच तास दोनदा. रेफएडिटने आतल्या आत दुरुस्ती केली तर फक्त तुमच्या फाइलीवर पडतो.

दुसरी गोष्ट, एका डीडब्ल्यूजीत (ऑटोकॅडच्या फाइलीत) बारा लेआउट (प्रिंटसाठीची पानं) ठेवायची सवय. फूटिंग, प्लिंथ बीम, स्लॅब, जिना सगळं एकाच फाइलीत. मीटर फाइलीला एकच, त्यामुळे स्लॅब डिटेलिंगला किती आणि जिन्याला किती हे कधीच कळत नाही. तास बघायचेच असतील तर निदान फूटिंग, कॉलम, बीम, स्लॅब अशा चार फाइली करा. एकाच फाइलीचा हट्ट असेल तर नोंदीत सीटॅबची किंमत घ्या, त्यात चालू लेआउटचं नाव असतं. पण मॉडेल स्पेसमध्ये (जिथं मूळ रेघा काढतात) काम करणाऱ्याचं सगळं "मॉडेल" याच नावाखाली जातं, म्हणून अर्धंच काम होतं.

आमच्या पट्ट्यात याचा थेट पैशाशी संबंध आहे. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर आयएस १८९३ (भूकंपासाठीचं भारतीय मानक) च्या २००२ च्या आवृत्तीत हा पट्टा झोन ३ मध्ये आला, आणि झोन ३ म्हटलं की आयएस १३९२० प्रमाणे डक्टाइल डिटेलिंग (भूकंपात एकदम न तुटता वाकावं अशी सळ्यांची मांडणी) आलंच. जॉइंटजवळच्या रिंगांचं अंतर, १३५ अंशांचे हूक, लॅप कुठं द्यायचा, हे सगळं बीमवार आणि कॉलमवार दाखवायचं. दर मात्र अजून चौरस फुटावर ठरतो. बीमच्या फाइलीला स्लॅबच्या फाइलीपेक्षा किती जास्त वेळ लागतो याची नोंद हातात असेल तरच दर मागताना बोलता येतं.

फिक्स्चरवाला_वाळूज

लिस्पकर सर, बरोबर निघालं. जुनी फाइल उघडून बघितली, तिच्यात ४३ तास होते. म्हणजे ६१ वजा ४३, अठरा तास. हे पटण्यासारखं आहे.

पण प्रत्येक नव्या जॉबला जुनीच फाइल वापरतो, कारण टायटल ब्लॉक, लेयर, डायमेन्शन स्टाइल, स्टँडर्ड क्लॅम्प-पिन सगळं तयार मिळतं. मग मीटर शून्यावरून सुरू कसं करायचं?

लिस्पकर

शून्य करायच्या मागे लागू नका, सुरुवातीचा आकडा टिपून ठेवा. सेव्ह अ‍ॅज झाल्या झाल्या डीडब्ल्यूजीप्रॉप्स कमांड द्या, कस्टम टॅबमध्ये "सुरुवात" नावाची एक ओळ घाला आणि तिथं टीडीइनडीडब्ल्यूजीची त्या क्षणाची किंमत लिहा. ती फाइलीसोबत राहते, वहीत हरवत नाही. त्याच खिडकीत स्टॅटिस्टिक्स टॅबवर एकूण एडिटिंग टाइम आणि शेवटी सेव्ह कोणी केलं तेही दिसतं.

शून्यच पाहिजे असेल तर टेम्प्लेट करणं हाच सरळ रस्ता. टायटल ब्लॉक, लेयर, स्टाइल एवढंच ठेवून डीडब्ल्यूटी बनवा आणि न्यूने सुरू करा. जुन्या कामातून जे हवं ते कॉपीबेसने उचला आणि नव्या फाइलीत पेस्टऑरिगने मूळ जागेवर टाका. यात फसतं ते लेआउट: पेस्टमध्ये फक्त भूमिती येते, लेआउट येत नाहीत. ते लेआउट कमांडच्या टेम्प्लेट पर्यायातून किंवा डिझाइन सेंटरमधून आणावे लागतात. तसंच, नव्या फाइलीत त्याच नावाचा ब्लॉक आधीच असेल तर नव्या फाइलीतलीच व्याख्या राहते. जुन्या क्लॅम्पची सुधारलेली आवृत्ती आणतोय असं वाटतं आणि बसतो जुनाच क्लॅम्प. नाव बदलून आणा.

जालना_टूलिंग

फाइलीच्या आतल्या मीटरवर अवलंबून राहण्यापेक्षा कुठली खिडकी समोर आहे ते बाहेरून मोजणं जास्त बरोबर येतं. सॉलिडवर्क्ससाठी तर दुसरा सोपा मार्गच नाही. तिथं परफॉर्मन्स इव्हॅल्युएशनमध्ये जो वेळ दिसतो तो रिबिल्डचा, म्हणजे मशीनने किती सेकंद खाल्ले त्याचा. माणसाच्या कामाशी त्याचा संबंध नाही. पीडीएम (फाइली सांभाळणारं सॉफ्टवेअर) असेल तर चेक-इनच्या वेळा इतिहासात दिसतात, पण सकाळी चेक-आउट आणि संध्याकाळी चेक-इन एवढ्यावरून मधलं काहीच कळत नाही.

अ‍ॅक्टिव्हिटीवॉच नावाचं मोफत, ओपन सोर्स साधन आहे. समोरच्या खिडकीचा प्रोग्राम आणि तिचं शीर्षक सतत टिपतं, आणि कीबोर्ड-माऊस थांबला की "जागेवर नाही" असं धरतं. ही मर्यादा मुळात तीन मिनिटांची असते. डिझाइनवाल्याला ती कमी पडते, कारण कॅटलॉगमधला सिलिंडरचा बोअर-स्ट्रोक तक्ता वाचताना माणूस चार मिनिटं माऊसला हात लावत नाही. ती पाच मिनिटं करा. दहा केली तर चहाची सुट्टी कामात घुसते.

नोंद त्याच पीसीवर राहते, बाहेर कुठं जात नाही. म्हणून आठवड्याला प्रत्येक मशीनवरून एक्स्पोर्ट काढावं लागतं.

बसवताना तीन गोष्टी कराव्या लागतात, नाहीतर रिपोर्टचा काला होतो.

ऑटोकॅडमध्ये ऑप्शन्स, ओपन अँड सेव्ह, तिथं शीर्षकात पूर्ण पाथ दाखवण्याची खूण करा. मग जॉब नंबरचं फोल्डर शीर्षकात येतं आणि रिपोर्टमध्ये त्यावरून गट पाडता येतात. नुसतं "असेम्ब्ली" नावाच्या सहा फाइली सहा जॉबमध्ये असतात, पाथशिवाय त्या ओळखू येत नाहीत.

सॉलिडवर्क्सच्या शीर्षकात फाइलीचं नाव असतं, फोल्डरवर भरवसा ठेवू नका. म्हणून जॉब नंबर फाइलीच्या नावातच पहिल्यांदा घाला. असेम्ब्लीत राहून पार्ट एडिट केला की वेळ कुठल्या नावावर पडतो ते बघून घ्या. पार्टवार तासांवर भरवसा ठेवू नका, जॉबवार मिळतील. बिलाला तेवढं पुरतं. टूलबॉक्सचे बोल्ट-नट, बाहेरून उतरवलेली सिलिंडरची मॉडेल्स यांच्या नावात जॉब नंबर नसतो, ती वेगळी पडतात. वेळ थोडाच असतो, त्याच्या मागे लागू नका.

आणि जोडणीचा नियम ठरवा. ड्रॉइंगवरून माणूस पीडीएफ कॅटलॉगवर जातो, कॅल्क्युलेटर उघडतो, कस्टमरची मेल बघतो, परत ड्रॉइंगवर येतो. एकाच जॉबच्या दोन नोंदींमध्ये दहा मिनिटांपेक्षा कमी अंतर असेल आणि त्यात दुसऱ्या जॉबची फाइल आली नसेल, तर ते अंतरही त्याच जॉबचं धरा. हा नियम नसला तर फिक्स्चर डिझाइनचा वेळ हमखास कमी दिसतो, कारण त्यात बघणं-शोधणं जास्त आणि रेघा मारणं कमी.

पाळतीचं म्हणाल तर हे साधन ब्राउझरच्या टॅबची शीर्षकंही टिपतं. पोरांना आधीच सांगा. रिपोर्ट काढताना फक्त कॅडच्या प्रोग्रामच्या ओळी ठेवा, बाकीच्या तुमच्यापर्यंत येऊच देऊ नका. एक्स्पोर्ट ज्याने त्याने आपल्या हाताने काढून द्यावं. स्क्रीनशॉट काढणारी साधनं तर आणूच नका. चार दिवसांत माऊस हलवत बसायची सवय लागते आणि आकडा आणखी खोटा होतो.

चेकर_चिकलठाणा

सगळं ठीक, पण मूळ प्रश्न बदलाच्या बिलाचा आहे आणि त्याचं उत्तर कुठल्याच मीटरमध्ये नाही. मीटर फार तर "किती" सांगेल. "का" हे ड्राफ्ट्समनलाच माहीत. आर२ कस्टमरने लोकेटर सरकवायला सांगितला म्हणून निघालं, की आपल्याच पिनचं टॉलरन्स चुकलं म्हणून? पहिल्याचं बिल लागतं, दुसऱ्याचं लागत नाही. दोन्ही एकाच फाइलीत एकाच दुपारी झालं तर कुठलंही सॉफ्टवेअर वेगळं काढून देणार नाही.

म्हणून रिव्हिजनच्या नावात एक अक्षर जोडा. न म्हणजे नवीन, ग म्हणजे ग्राहकाचा बदल, च म्हणजे आपली चूक. २४११७-जीए-आर२ग असं. चेकिंगमध्ये निघालेली दुरुस्ती नेहमी च. ग आणि च एकाच वेळी आलं तर दोन रिव्हिजन करा, आधी च उरकून सेव्ह करा, मग ग. पाच मिनिटं जास्त जातील, पण महिनाअखेरचा वाद मिटेल. हे अक्षर बाहेर जाणाऱ्या पीडीएफच्या नावात ठेवू नका, कस्टमरला तुमच्या चुकांचा हिशेब द्यायचं कारण नाही.

त्याच्या जोडीला हाताची नोंद लागतेच. दिवसातून दोनदा, जेवणाआधी आणि निघताना: जॉब नंबर, रिव्हिजन, काम, तास पाव तासाच्या टप्प्यात. शनिवारी आठवडाभराचं आठवून लिहिलेली टाइमशीट बघून लगेच कळते, सगळे दिवस बरोब्बर आठ तासांचे असतात. हाताची नोंद आणि मीटरची नोंद यात पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त फरक पडला तरच विचारायचं. त्याहून कमी फरकावर किस काढत बसलात तर लोक मीटरला जुळवून लिहायला लागतात, आणि मग दोन्ही नोंदी निरुपयोगी.

हाताच्या नोंदीशिवाय जे कधीच धरलं जात नाही ते असं: शॉपवर जाऊन झिजलेल्या पार्टची व्हर्नियरने मापं घेणं, कस्टमरच्या इंजिनिअरशी फोन, व्हेंडरला प्लेटच्या जाडीबद्दल विचारणं, प्रिंटवर लाल पेनाने चेकिंग. चेकिंग तर पूर्ण कागदावर होतं, कॅडमध्ये त्याचा एक सेकंदही दिसत नाही.

समजा २४ डिटेल पार्टचं फिक्स्चर आहे. जीएला ६ तास, डिटेलिंग पार्टला सरासरी ४० मिनिटं म्हणजे १६ तास, बलूनिंग (पार्टना नंबराचे गोल देणं) आणि बीओएम (पार्टची यादी) २ तास. कॅडमध्ये दिसणारे २४. त्यावर चेकिंगचे ४ आणि फोन-मापं-मेलचे ३ धरले की ३१. कोटेशन २४ वर केलं तर ७ तास खिशातून गेले, आणि तेही दर जॉबला.

नांदेड_सबमिशन

चेकर साहेबांचं "का" वालं म्हणणं बांधकाम परवानगीच्या ड्रॉइंगला फार लागू पडतं. युनिफाइड डीसीपीआर (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली) डिसेंबर २०२० मध्ये आल्यापासून नियम बऱ्यापैकी एकसारखे झाले, पण प्री-डीसीआरमध्ये (ड्रॉइंग नियमांशी तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये) फाइल चढवायची तर प्रत्येक वस्तू ठरलेल्या लेयरवर आणि पॉलिलाइन (सलग जोडलेली रेघ) बंद लागते. स्क्रूटिनीत नापास झालेली फाइल दुरुस्त करणं हे डिझाइनचं काम नाही आणि मालकाचा बदलही नाही. त्याला चौथं अक्षर द्या. आम्ही स वापरतो. महिन्याला स चे तास बघितले की कुठली चूक पुन्हा पुन्हा होतेय ते कळतं. बहुतेक वेळा उघडी पॉलिलाइन किंवा एकावर एक बसलेल्या दोन रेघा. ओव्हरकिल (दुहेरी रेघा उडवणारी कमांड) आधी चालवून मगच फाइल चढवा.

फिक्स्चरवाला_वाळूज

न-ग-च ची पद्धत उद्यापासून लावतो. लिस्पकर सर, फुल ऑटोकॅडच्या दोन मशीनवर लिस्पने (ऑटोकॅडच्या आत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) आपोआप नोंद करता येईल का? जेणेकरून खरोखर कमांड चालल्या तेवढाच वेळ धरला जाईल?

लिस्पकर

येईल. रचना सांगतो, लिहायला अवघड नाही.

एसीएडीडॉक नावाची लिस्प फाइल सपोर्ट पाथमध्ये ठेवली की प्रत्येक ड्रॉइंग उघडताना ती आपोआप लोड होते. एसीएडी नावाची वेगळी, ती मुळात प्रोग्राम सुरू होताना एकदाच लोड होते. यात गल्लत झाली की पहिल्या फाइलीची नोंद होते आणि पुढच्यांची होत नाही. लिस्पचं फोल्डर ऑप्शन्समधल्या ट्रस्टेड लोकेशन्समध्ये टाका, नाहीतर सिक्युअरलोड (सुरक्षेची तपासणी) दर वेळी विचारत बसेल आणि कोणीतरी कंटाळून "नको" दाबेल.

लिस्पमध्ये व्हीएल-लोड-कॉम दिल्यावर एक कमांड रिअ‍ॅक्टर लावायचा, कमांड संपल्याच्या घटनेवर, म्हणजे ती संपली की आपला कोड आपोआप चालतो. प्रत्येक वेळी डेट व्हेरिएबल घ्यायचं. ते दिवसांत असतं, म्हणून दोन किमतींमधला फरक गुणिले १४४० म्हणजे मिनिटं. फरक पाच मिनिटांपेक्षा कमी असेल तर बेरजेत टाका, जास्त असेल तर सोडून द्या. दुसरा ड्रॉइंग रिअ‍ॅक्टर सेव्ह पूर्ण झाल्याच्या घटनेवर, त्यात बेरीज फाइलीत लिहायची आणि शून्य करायची. रिअ‍ॅक्टरच्या आतून कमांड फंक्शन वापरू नका, ते तिथं चालत नाही. फक्त वाचायचं आणि लिहायचं.

ओळीत एवढं घ्या: लॉगिननेम, डीडब्ल्यूजीप्रीफिक्स, डीडब्ल्यूजीनेम, सीटॅब, सीडेट, बेरीज मिनिटांत, आणि पडताळणीसाठी टीडीइनडीडब्ल्यूजी. सीडेट छापताना आरटीओएसला (आकड्याचा मजकूर करणाऱ्या फंक्शनला) मोड २ आणि सहा दशांश द्या, नाहीतर तारीख राहते आणि वेळ कापली जाते.

नोंदीची सीएसव्ही सर्व्हरवर ठेवा, पण प्रत्येक माणसाची वेगळी. एकच सामाईक फाइल ठेवली आणि ती कोणी एक्सेलमध्ये उघडून बसलं, की ती लॉक होते. ओपन फंक्शन निल (म्हणजे काहीच नाही) परत देतं आणि पुढे लिस्प एररने पडतं. निल आलं तर निमूटपणे सी ड्राइव्हवरच्या तात्पुरत्या फाइलीत लिहायचं, ही अट घाला. सेव्हच्या वेळी एरर दिसली की ड्राफ्ट्समन पहिलं काम तुमचं लिस्प काढून टाकायचं करतो.

मर्यादा एवढीच की ही बेरीज खऱ्या वेळेपेक्षा कमी भरते, आणि टीडीइनडीडब्ल्यूजी जास्त भरतो. खरा आकडा मधे कुठं तरी. म्हणून दोन्ही एकाच ओळीत घ्यायला सांगितलं.

लिस्पच्या भानगडीत पडायचं नसेल आणि ऑटोकॅड २०२४ किंवा पुढचं असेल, तर अ‍ॅक्टिव्हिटी इनसाइट्स पॅलेट बघा. फाइल कोणी कधी उघडली, सेव्ह केली, प्लॉट केली हे ते ओळीने दाखवतं. ऑप्शन्सच्या फाइल्स टॅबमध्ये त्याच्या नोंदींची जागा सर्व्हरवरच्या सामाईक फोल्डरवर वळवली की दोन्ही मशीनचा इतिहास एकत्र दिसतो. तासांची बेरीज मात्र तुम्हालाच करावी लागेल.

जालना_टूलिंग

एक पुस्ती. कस्टमरला टाइम कमांडचा स्क्रीनशॉट कधीच पाठवू नका. त्यांच्याकडेही कॅड वापरणारी माणसं असतात, सेव्ह अ‍ॅजचा हिशेब त्यांना कळतो. एकदा तो आकडा खोडला गेला की बाकीची नोंदही संशयात जाते. बदलाच्या बिलासोबत एका पानाची चेंज नोट द्या: बदल सांगणाऱ्या मेलची तारीख, बदल काय, कुठले पार्ट नंबर हलले, तास, आणि आधीच्या-नंतरच्या शीटवर बदललेल्या जागांभोवती ढग काढलेली पीडीएफ. "लोकेटर १२ मिमी सरकवा" या एका ओळीने बेस प्लेटची भोकं, क्लॅम्पचा हात, रेस्ट पॅड, बीओएम आणि नऊ बलून हलले, हे ढगांतून दिसलं की पाच तासांवर चर्चा होत नाही. आणि काम सुरू करायच्या आधी अंदाजे तास मेलवर कळवून "करा" असं उत्तर घ्या.

फिक्स्चरवाला_वाळूज

चेंज नोटचा फॉरमॅट आजच बनवतो. शेवटचं: एलटीच्या सीटवर हे लिस्प चालेल का?

लिस्पकर

आवृत्ती बघा. एलटीमध्ये ऑटोलिस्प २०२४ पासून आलं, त्याआधीच्या एलटीत नाही. २०२४ किंवा पुढचं असलं तरी तिथं रिअ‍ॅक्टर लावायच्या फंदात पडू नका. साधी दोन फंक्शनं ठेवा: फाइल उघडताना एक ओळ लिहिणारं, आणि निघताना हाताने टाइप करायची एक छोटी कमांड, जी टीडीइनडीडब्ल्यूजीसह दुसरी ओळ लिहून क्यूसेव्ह करेल. जुनं एलटी असेल तर जालन्याच्या सरांनी सांगितलेलं खिडकीवालं साधनच बसवा.

आणि चारही सीटवर सुरू करायच्या आधी एक चाचणी घ्या. कोरी फाइल सेव्ह करा, आकडा टिपा. दहा मिनिटं तिच्यावर रेघा मारा, दहा मिनिटं दुसरी फाइल समोर ठेवा, दहा मिनिटं स्क्रीन लॉक करा. मग पहिली सेव्ह करून बघा कुठल्या साधनाने किती धरलं. टीडीइनडीडब्ल्यूजीत तीसच्या आसपास यावं, खिडकीवाल्यात आणि लिस्पमध्ये दहाच्या आसपास. लिस्पमध्ये वीस-तीस आलं तर पाच मिनिटांची अट लागलेली नाही, मिनिटं आणि दिवस यांची गल्लत झालीय का ते आधी तपासा.